सहा तास की दोन लाख वर्षे? एका बोन स्कॅनच्या निमित्ताने किरणोत्साराविषयी

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आपल्या आईंचा बोन स्कॅन (किरणोत्सारी औषध टोचून केलेली हाडांची तपासणी) झाला. सकाळी दहा वाजता इंजेक्शन दिले, तीन तासांनी स्कॅन झाला आणि घरी सोडताना हाती एक कागद दिला. त्यावर ‘टेक्नेशियम-९९एम, २० मिलिक्युरी, अर्धायुष्य ६ तास, लहान मुले व गरोदर स्त्रिया यांच्यापासून २४ तास अंतर ठेवावे’ असे लिहिलेले होते (टेक्नेशियम हे इंजेक्शनमधले किरणोत्सारी द्रव्य, मिलिक्युरी हे किरणोत्साराचे एकक). सहा तासांत अर्धे संपते तर बारा तासांत सगळे संपायला हवे, मग चोवीस तास कशासाठी, ही आपली पहिली शंका. नंतर टेक्नेशियम-९९ चे अर्धायुष्य २ लाख ११ हजार वर्षे असल्याचे आपल्या वाचनात आले आणि रुग्णालयाने काहीतरी लपवले की काय, असे आपल्याला वाटू लागले. त्यातच तिसऱ्या दिवशी आईंचा विमानप्रवास आहे.

मी गेली बावीस वर्षे न्यूक्लिअर मेडिसिन विभागात भौतिकतज्ज्ञ म्हणून काम करतो आणि हा प्रश्न थोड्याफार फरकाने दर महिन्याला कोणीतरी विचारतेच. सहा तास हा आकडा बरोबर आहे आणि दोन लाख वर्षे हाही बरोबर आहे. दोन्ही आकडे खरे कसे, आणि त्यांतला मोठा आकडा निरुपद्रवी का, हे कळले की किरणोत्साराचा पाया बराचसा कळतो. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

पहिली अडचण शब्दाची आहे. ‘अर्धायुष्य’ म्हटले की मराठी मनात माणसाचे आयुष्य येते. चाळिशीला अर्धे सरले, ऐंशीला संपले, असा आपला हिशेब असतो आणि आपण बारा तासांचे उत्तर काढले ते त्याच हिशेबाने. अणुकेंद्राला मात्र वयच नसते. काल तयार झालेले टेक्नेशियमचे अणुकेंद्र आणि या क्षणी तयार झालेले अणुकेंद्र यांत कसलाही फरक नसतो. जुने झाले म्हणून ते अशक्त होत नाही, की त्याची वेळ जवळ येत नाही. दर सेकंदाला त्याचे विघटन होण्याची एक ठरावीक शक्यता असते आणि ती शक्यता आज, उद्या, परवा तेवढीच राहते. टेक्नेशियम-९९एमच्या बाबतीत ती सेकंदाला साधारण ३१ हजारांत एक इतकी आहे. (पाठ्यपुस्तकांत या विघटनाला ‘क्षय’ म्हणतात. रुग्णालयात तो शब्द उच्चारला की रुग्णाला भलताच आजार आठवतो, म्हणून मी ‘ऱ्हास’ म्हणतो.)

कढईतल्या ज्वारीच्या लाह्यांची उपमा अनेकदा दिली जाते, मीही पूर्वी देत असे. कोणता दाणा कधी फुटेल हे सांगता येत नाही, पण एकूण किती वेळात किती फुटतील याचा अंदाज करता येतो, इथपर्यंत ती चांगली आहे. पुढे मात्र ती फसते, कारण दाणा तापत तापत फुटण्याच्या जवळ येत असतो आणि आच वाढवली की लवकर फुटतो. अणुकेंद्राला आच लागत नाही. भौतिकशास्त्रज्ञ आंरी बेकरेल यांना १८९६ मध्ये पॅरिसमध्ये नेमके हेच अनपेक्षितपणे दिसले. सूर्यप्रकाशात ठेवलेले युरेनियमचे क्षार किरण सोडतात, अशी त्यांची कल्पना होती. काही दिवस ऊन पडले नाही म्हणून क्षार आणि काळ्या कागदात गुंडाळलेली छायाचित्रणाची काच असे दोन्ही त्यांनी खणात ठेवून दिले आणि १ मार्चला ती काच धुतली, तर तिच्यावर ठसा स्पष्ट उमटलेला होता. ऊर्जा बाहेरून येत नव्हती, ती आतलीच होती. किरणोत्सारी पदार्थ तापवा, गोठवा, दाबा, आम्लात विरघळवा, ऱ्हासाचा वेग तोच राहतो. तरी शास्त्रात ‘कधीच नाही’ म्हणताना जपून बोलावे लागते. १९५१ मध्ये टेक्नेशियम-९९एमचेच अर्धायुष्य त्याच्या रासायनिक संयुगानुसार हजारात दोन-तीन भागांनी बदलते, असे मोजून दाखवण्यात आले. व्यवहारात हा फरक शून्य धरावा, पण आमच्या रोजच्या वापरातले द्रव्यच असा अपवाद निघाले याची मला अजूनही गंमत वाटते.

मग एकेका अणुकेंद्राबाबत काहीच सांगता येत नसेल तर सहा तास हा आकडा येतो कुठून? तो जमावाचा आकडा आहे. भौतिकशास्त्रज्ञ अर्नेस्ट रदरफर्ड यांनी १९०० मध्ये थोरियममधून निघणाऱ्या एका वायूचा किरणोत्सार मोजला, तेव्हा तो दर मिनिटाला साधारण निम्मा होत जातो असे त्यांना आढळले. पुढे १९०२ मध्ये त्यांनी आणि फ्रेडरिक सॉडी यांनी हे एका मूलद्रव्याचे दुसऱ्यात होणारे रूपांतर असल्याचे मांडले. उरलेल्यांपैकी ठरावीक हिस्साच दर वेळी जातो, म्हणून ‘निम्मे’ हे नेहमी उरलेल्याचे निम्मे असते. आपल्या आईंना सकाळी दहाला २० मिलिक्युरी दिले. दुपारी चारला १० उरले, रात्री दहाला ५, पहाटे चारला अडीच आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सव्वा. बारा तासांनी चौथा हिस्सा उरतो आणि चोवीस तासांनी सोळावा. कागदावरचे चोवीस तास इथून आलेले आहेत.

हे आकडे जरा आणखी जवळून पाहू. बेकरेल या एककाचा अर्थ सेकंदाला एक ऱ्हास असा आहे आणि २० मिलिक्युरी म्हणजे ७४ कोटी बेकरेल. सेकंदाला ७४ कोटी हा आकडा ऐकून छाती दडपते. पण ३१ हजारांत एक या शक्यतेने ७४ कोटी ऱ्हास व्हायचे तर मुळात किती अणू लागतील? सुमारे २३ लाख कोटी. आणि त्यांचे वजन? जेमतेम चार अब्जांश ग्रॅम. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये जे दिसते ते सलाईन असते, टेक्नेशियम डोळ्यांना दिसण्याइतके कधीच नसते. एवढाच, म्हणजे ७४ कोटी बेकरेलचा किरणोत्सार शुद्ध युरेनियम-२३८ मधून मिळवायचा असेल तर ते जवळपास ६० किलो घ्यावे लागेल, कारण युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षे आहे आणि त्याचा एकेक अणू फारच क्वचित विघटित होतो. माझ्या सांगण्याचा गाभा हाच आहे. अर्धायुष्य जितके मोठे, तितका तेवढ्याच अणूंचा किरणोत्सार मंद.

आता ही दोन अर्धायुष्ये कोणाची, ते सांगतो. आमच्या हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी द्रव्ये हाताळण्याच्या खोलीत, शिशाच्या जाड कवचात एक काचेची नळी असते, तिला जनरेटर म्हणतात. नळीत अॅल्युमिनाची भुकटी भरलेली असते आणि त्या भुकटीला मॉलिब्डेनम-९९ चिकटलेले असते. या मॉलिब्डेनमच्या अणुकेंद्रात ४२ प्रोटॉन आणि ५७ न्यूट्रॉन असतात. प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, त्यांना बांधून ठेवणारे बल फार जवळच्या अंतरावरच काम करते आणि न्यूट्रॉनची संख्या एका मर्यादेपलीकडे वाढली तरी मोट नीट बांधली जात नाही. इथे न्यूट्रॉन जास्त आहेत. म्हणून ६६ तासांच्या अर्धायुष्याने एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो आणि एक वेगवान इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. हा बीटा ऱ्हास. प्रोटॉन ४३ झाले, म्हणजे मूलद्रव्यच बदलले आणि ते टेक्नेशियम झाले. फार जड अणुकेंद्रे याऐवजी दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांचा गठ्ठाच बाहेर टाकतात, तो अल्फा. युरेनियम-२३८ असे आठ अल्फा आणि सहा बीटा टाकत टाकत अखेर शिसे होते. त्याची कथा मोठी आहे, आपल्या प्रश्नाला तिची गरज नाही.

नवे टेक्नेशियम बहुतेक वेळा उत्तेजित अवस्थेत जन्माला येते. बहुतेक अणुकेंद्रे अशी जादा ऊर्जा निमिषार्धात टाकून देतात, पण हे थांबून राहते. नावापुढचा ‘एम’ म्हणजे मेटास्टेबल, काही काळ टिकणारी अवस्था, ती हीच. सहा तास हे या थांबून राहण्याचे अर्धायुष्य आहे. थांबणे संपले की १४० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा गॅमा किरण बाहेर पडतो, प्रोटॉन-न्यूट्रॉनची संख्या बदलत नाही, आणि मागे उरते ते साधे टेक्नेशियम-९९. तेही स्थिर नाही. टेक्नेशियमचा स्थिर समस्थानिक (प्रोटॉन तेवढेच, पण न्यूट्रॉनची संख्या वेगळी असलेला प्रकार) अस्तित्वातच नाही, म्हणूनच आवर्तसारणीतली त्याची जागा १९३७ पर्यंत रिकामी होती. त्या वर्षी पेरिए आणि सेग्रे यांनी इटलीतल्या पालेर्मो येथे, अमेरिकेतल्या बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमध्ये (कणांना वेग देणाऱ्या यंत्रात) भडिमार झालेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात ते शोधले. हे साधे टेक्नेशियम-९९ पुढे बीटा टाकून स्थिर रुथेनियम होते, त्याचे अर्धायुष्य २ लाख ११ हजार वर्षे. आपण वाचलेला आकडा याचा आहे.

रोज सकाळी आम्ही जनरेटरच्या एका सुईवर सलाईनची कुपी लावतो आणि दुसरीवर शिशात बसवलेली निर्वात कुपी. निर्वाताच्या ओढीने सलाईन भुकटीतून वाहत जाते, मॉलिब्डेनम भुकटीला धरून राहते आणि टेक्नेशियम धुऊन बाहेर येते. जगभर या यंत्राला ‘गाय’ म्हणतात, आणि आमच्याकडचे जुने तंत्रज्ञ या कामाला सरळ ‘धार काढणे’ म्हणतात. एकदा धार काढली की पुन्हा पुरेसे टेक्नेशियम साठायला जवळपास एक दिवस लागतो. गायही आटत जाते. सोमवारी शंभर भाग मिळाले तर शुक्रवारी छत्तीस-सदतीस, म्हणून जास्त मात्रा लागणारे रुग्ण आम्ही आठवड्याच्या सुरुवातीला घेतो. काढलेली कुपी डोस कॅलिब्रेटरमध्ये, म्हणजे किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रात, ठेवली की पडद्यावर आकडा उमटतो, आणि तो तिथेच आपल्या डोळ्यांदेखत हळूहळू उतरत असतो. दहा वाजताच्या रुग्णासाठी आठ वाजता सिरिंज भरायची झाली तर २० ऐवजी २५ मिलिक्युरी भरावे लागते. नव्याने रुजू झालेल्या मुलांना मी सूत्र नंतर शिकवतो, आधी त्या पडद्यासमोर अर्धा तास बसवतो.

आता दोन लाख वर्षांचा हिशेब करू. आईंना दिलेले सगळे २३ लाख कोटी अणू शरीरातच राहिले आणि सगळे टेक्नेशियम-९९ झाले असे धरा. या अणूचा ऱ्हास होण्याची शक्यता वर्षाला सुमारे तीन लाखांत एक आहे. म्हणजे सेकंदाला दोन-अडीच ऱ्हास. जनरेटरमधून धार काढताना आधीच तयार झालेले थोडे टेक्नेशियम-९९ सोबत येते, ते मिळवून हा आकडा काही पट वाढवला तरी तो दहा-वीसच्या आसपास राहतो. याच्या तुलनेत आपल्या सर्वांच्या शरीरात जन्मापासून असलेले पोटॅशियम-४० पाहा. प्रौढ माणसात त्याचे सेकंदाला चार हजारांच्या आसपास ऱ्हास होत असतात आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. ते केळ्यातून, बटाट्यातून, डाळीतून येत राहते. दोन लाख वर्षे हा आकडा भीतीचा वाटला, पण त्याचा अर्थ ‘दोन लाख वर्षे जोरात जळत राहणारे’ असा नसून ‘इतके मंद की संपायला लाखो वर्षे लागतील’ असा आहे. कागदावर तो न लिहिण्यात लपवाछपवी नाही. मला विचाराल तर तो लिहून दोन ओळी समजावल्या असत्या तर बरे झाले असते, पण ओपीडीच्या गर्दीत हे होत नाही, हेही मी जाणतो.

यावरून दीर्घ अर्धायुष्य म्हणजे नेहमीच सुरक्षित, असा उलटा निष्कर्ष मात्र काढू नये. मात्रा किती आहे, ती शरीराबाहेर आहे की आत गेली आणि आत गेली तर कुठे जाऊन बसली, यांवर सगळे ठरते. माझ्या अनुभवात खरा त्रास मधल्या अर्धायुष्यांचा असतो. मिनिटा-तासांत निवणारे द्रव्य थोडे थांबले की संपते, कोट्यवधी वर्षांचे द्रव्य हळू बोलते. माणसाच्या आयुष्याशी ज्याचे अर्धायुष्य जुळते ते मात्र जोरदारही असते आणि टिकतेही. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर आठ दिवसांच्या आयोडीन-१३१ चा प्रश्न काही महिन्यांत मिटला, तीस वर्षांच्या सीझियम-१३७ चा अजून मिटलेला नाही. दिल्लीच्या मायापुरी भागात २०१० मध्ये भंगारात गेलेल्या जुन्या यंत्रातले कोबाल्ट-६० फोडले गेले आणि एका कामगाराचा जीव गेला. कोबाल्टचे अर्धायुष्य सव्वापाच वर्षे आहे, म्हणजे वीस-पंचवीस वर्षे अडगळीत पडलेला स्रोतही निर्धोक झालेला नसतो.

आणखी एक गोंधळ आपल्या प्रश्नात डोकावतो. आईंनी वापरलेला पलंग, खुर्ची, गाडीची सीट ‘किरणोत्सारी झाली का’, असे आपण विचारले आहे. किरण अंगावर पडणे आणि किरणोत्सारी द्रव्य अंगाला लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लासलगावच्या केंद्रात कांदा कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांखालून नेतात, त्याला कोंब येत नाहीत. अमेरिकेला जाणारा हापूसही असाच किरणांखालून गेलेला आहे. कांदा किंवा आंबा त्यामुळे किरणोत्सारी होत नाही, कारण या किरणांत अणुकेंद्रातून न्यूट्रॉन बाहेर काढण्याइतकी ऊर्जाच नसते. दिवा विझल्यावर भिंत उजळत राहत नाही, तसेच हे आहे. आईंच्या अंगातून निघणारे १४० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण तर कोबाल्टच्या किरणांच्या मानाने फारच क्षीण. पलंग किरणोत्सारी होत नाही.

द्रव्य लागण्याचा प्रश्न उरतो तो फक्त लघवीपुरता. बोन स्कॅनच्या औषधाचा साधारण निम्मा भाग हाडांत जातो आणि बराचसा उरलेला भाग पहिल्या काही तासांत मूत्रपिंडांतून बाहेर पडतो. भरपूर पाणी प्यायला सांगतात ते म्हणूनच, आणि म्हणूनच शरीरातले प्रमाण वर दिलेल्या हिशेबापेक्षाही लवकर उतरते. पहिल्या दिवशी शौचालयात पाणी दोनदा सोडावे, हात साबणाने धुवावेत, कपड्याला थेंब लागला तर तो कपडा वेगळा धुवावा. एवढे पुरे. कपडे फेकून देण्याची काहीच गरज नाही. आमच्याकडे एकदा मोजे ओले झालेले एक आजोबा तसेच घरी निघाले होते. किरणोत्सार मोजणारा मीटर त्यांच्या पायाशी कडकडला तेव्हा मोजे काढून घेतले, पिशवीत बांधून तीन दिवस शिशाच्या पेटीत ठेवले, धुतले आणि पुढच्या आठवड्यात परत केले. ते आजोबा ते मोजे घालूनच पुढच्या तपासणीला आले.

या तपासणीत आईंना स्वतःला मिळालेली मात्रा सुमारे ४ मिलिसिव्हर्ट आहे (सिव्हर्ट हे शरीराला मिळालेल्या किरणांच्या मात्रेचे एकक). जमिनीतून, हवेतल्या रेडॉनमधून, अवकाशातून आणि अन्नातून माणसाला वर्षाला जगभराच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे दीड-पावणेदोन वर्षांची नैसर्गिक मात्रा एका दिवसात मिळाली. ती शून्य नाही, आणि म्हणूनच स्कॅन कारणाशिवाय करू नये, पण हाडांत आजार पसरला आहे का हे कळण्यासाठी ती रास्त आहे. जवळच्या माणसांचे म्हणाल, तर इंजेक्शननंतरच्या पहिल्या काही तासांत एक मीटरवर बसणाऱ्याला तासाला काही मायक्रोसिव्हर्ट मिळतात, म्हणजे निसर्गातून एका दिवसात मिळते साधारण तेवढेच. अंतर दुप्पट केले की ते चौथाईच्या आसपास येते. मोठ्या माणसांनी त्याच दिवशी शेजारी बसून जेवायला हरकत नाही. नातवाला मांडीवर घेऊन तास-दोन तास झोपवणे तेवढे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत लांबवावे. थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ चे उपचार घेतलेल्यांना हे नियम लागू नाहीत. त्यांना वेगळ्या आणि अधिक कडक सूचना दिल्या जातात, त्या जशाच्या तशा पाळाव्यात.

‘पण संपणार नेमके कधी?’ या आपल्या प्रश्नाला खरे उत्तर आहे आणि ते थोडे विचित्र आहे. लघवीतून काहीच गेले नाही असे धरले, तरी दहा दिवसांत चाळीस वेळा निम्मे होऊन २३ लाख कोटींमधले ‘एम’ अवस्थेतले जेमतेम वीसेक अणू उरतील. इथे जमावाचा नियम थकतो. पुढच्या सहा तासांत वीसचे दहा होतील असे छातीठोकपणे सांगता येत नाही, आठही होतील किंवा तेराही. शेवटचा अणू अकराव्या दिवशी जाईल की बाराव्या, हे कोणालाही सांगता येणार नाही.

राहिला विमानप्रवास. तिसऱ्या दिवशी म्हणजे सुमारे बारा अर्धायुष्यांनंतर मूळच्या चार हजारांतला एक हिस्सा उरतो, सेकंदाला पावणेदोन लाखांच्या आसपास ऱ्हास, आणि लघवीतून गेलेले वजा केले तर त्याहूनही कमी. शेजारच्या सीटवर बसणाऱ्याच्या दृष्टीने ते काहीच नाही. मात्र काही विमानतळांवर किरणोत्सारी द्रव्याची तस्करी पकडण्यासाठी बसवलेली उपकरणे इतकी संवेदनशील असतात की ती एवढ्यानेही वाजू शकतात. तपासणीची तारीख, समस्थानिकाचे नाव आणि मात्रा लिहिलेला तो कागद आईंच्या हातातल्या पर्समध्ये ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.